रांगेत उभे राहण्याआधीची रांग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. मूत्रपिंडरोपण, म्हणजे एका माणसाची किडनी काढून दुसऱ्याच्या शरीरात बसवणे, आणि तीही अमेरिकेतली. मी डॉक्टर नाही, बी. ए. झालेला कविता लिहिणारा माणूस. मग या वाटेला का गेलो? दोन वर्षांपूर्वी एक बातमी वाचनात आली. अमेरिकेतल्या हजारो कृष्णवर्णीय रुग्णांना त्यांच्या इस्पितळांकडून पत्रे गेली होती. तुमचा प्रतीक्षायादीतला काळ आम्ही आजवर कमी मोजला, तो आता वाढवून देत आहोत, असा त्यांचा आशय. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कुणी आपण होऊन पुढे ढकलले, अशी बातमी रोज वाचायला मिळत नाही. म्हणून तिचा माग काढत मागे गेलो, तो थेट १९५४ सालापर्यंत पोचलो.

आधी एक गोष्ट शब्दाबद्दल. 'कृष्णवर्णीय' हा आपल्या वर्तमानपत्री सभ्यतेने घडवलेला शब्द. ते लोक स्वतःला सरळ 'ब्लॅक' म्हणवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मी आपला रूढ शब्दच वापरणार आहे.

आपल्या शरीरात कमरेच्या वर, पाठीकडे, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम त्या करतात. दोन्ही निकामी झाल्या तर दोनच वाटा उरतात. एक डायलिसिसची: आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी तीन-चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आणि रक्त धुऊन घ्यायचे. दुसरी वाट रोपणाची. डायलिसिसवर माणूस जगतो; पण बसवलेली किडनी चांगली चालली तर बहुतेकांना जास्त वर्षे मिळतात, कामधंदा करता येतो, परगावी जाता येते, पाणी मोजून प्यावे लागत नाही. म्हणून ही दुसरी वाट कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हा नुसता वैद्यकाचा प्रश्न राहत नाही.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाची एक किडनी काढून त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघे अगदी एकसारखे जुळे, त्यामुळे रिचर्डच्या शरीराने ती परकी मानली नाही. तो त्यानंतर आठ वर्षे जगला. मरे यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळाले. पण जुळा भाऊ काही प्रत्येकाला असत नाही. बाकीच्यांसाठी आशा उगवली ती १९६० साली, सिएटल शहरात. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहू शकेल अशी एक नळी तयार केली, आणि एकाच रुग्णाचे पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य झाले.

यंत्रे थोडी आणि रुग्ण पुष्कळ. कुणाला यंत्र द्यायचे, हे ठरवायला सिएटलमध्ये सात जणांची एक समिती नेमली गेली. त्यात वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, कामगारपुढारी होता, एक गृहिणीही होती. नावे गुप्त. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी या समितीवर लेख लिहिला आणि देश हादरला. उमेदवाराचे लग्न झाले आहे का, मुले किती, नोकरी काय, मिळकत किती, चर्चला जातो का, असे सारे तिथे विचारात घेतले जाई. थोडक्यात, समितीवरच्या माणसांना जो आपल्यासारखा वाटेल त्याचे पारडे जड. त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या दहा रुग्णांपैकी नऊ गोरे होते, यात मग नवल कसले? त्यात कुणी दुष्टपणा केला असेल असे मला वाटत नाही. आपल्यासारखा माणूस चांगला वाटणे ही फार साधी, घराघरांतली सवय आहे, आणि म्हणूनच ती धरता येत नाही.

१९७२ म्हटले की आपल्याकडे दुष्काळ आठवतो. घरातली मोठी माणसे अजून 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरच्या नंतर' अशी वर्षे मोजतात. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव घेतले होते ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि त्याच वर्षी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या आरोग्याच्या इतिहासातल्या दोन मोठ्या घटना घडल्या, एकमेकींच्या अगदी उलट.

पहिली जुलैतली. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे सरकारच्याच आरोग्यखात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक 'अभ्यास' चालवला होता. त्यातल्या ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिनने तो बरा होतो हे सिद्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. रोग वाढत कसा जातो ते पाहत बसले. ही गोष्ट त्या जुलैत जगापुढे आली.

दुसरी ३० ऑक्टोबरची. अध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा डायलिसिसचा आणि रोपणाचा खर्च, वय काहीही असो, मेडिकेअर या सरकारी विमायोजनेतून होईल, असे त्यात ठरले. एकाच अवयवासाठी असा कायदा दुसरा नाही. त्याआधी एक वर्ष शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने संसदेच्या समितीपुढे, सदस्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःला डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेऊन साक्ष दिली होती. सिएटलच्या त्या समितीचे काम संपले. गरीब, बायका, म्हातारे, कृष्णवर्णीय अशी सगळी माणसे यंत्रापर्यंत पोचली. सत्तरचे दशक संपेपर्यंत डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये तिनांपैकी एक कृष्णवर्णीय होता. लोकसंख्येत ते आठात एकसुद्धा नव्हते. म्हणजे हा रोग त्यांच्यात इतका होताच. नोंदला जात नव्हता इतकेच.

यंत्रापर्यंत पोचले खरे. रोपणापर्यंत मात्र नाही. हीच या कहाणीतली गाठ, आणि ती सुटायला पुढची पन्नास वर्षेही पुरली नाहीत.

यात एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सॅम्युएल कुंट्झ. जन्म १९३०, आर्कान्सा राज्यातल्या लेक्सा नावाच्या खेड्यात. वडील धर्मोपदेशक. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात प्रवेशपरीक्षेतच हा मुलगा नापास झाला. प्राचार्यांनी तरीही ठेवून घेतले. पुढे आर्कान्सा विद्यापीठाने कृष्णवर्णीयांना वैद्यकशाखेचे दार नुकतेच उघडले होते, तिथून तो १९५८ मध्ये डॉक्टर झाला. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला त्याने आपले वरिष्ठ रॉय कोहन यांच्याबरोबर एका आईची किडनी तिच्या मुलीला बसवली. जुळी भावंडे नसलेल्या माणसांमध्ये रोपण साधू शकते, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी ही एक. बसवलेली किडनी शरीर नाकारू लागते तेव्हा स्टिरॉइडचा मोठा डोस देऊन तो नकार परतवता येतो, या कामातही कुंट्झ अग्रेसर होते. सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. फोल्कर्ट बेल्झर यांच्या सोबतीने त्यांनी काढलेली किडनी दीर्घकाळ टिकवणाऱ्या यंत्रावरही काम केले. एका शहरातली किडनी दुसऱ्या शहरातल्या रुग्णाला नेता येऊ लागली ती अशा यंत्रांमुळे.

इतके नाव झाल्यावर माणूस कुठे जाईल? कुंट्झ १९७२ मध्ये ब्रुकलिनला आले, न्यूयॉर्कच्या त्या भागात जिथे गरीब कृष्णवर्णीय वस्ती दाट होती. तिथल्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद त्यांनी घेतले, ते तिथल्या लोकांना चांगले उपचार मिळावेत म्हणून. १९७६ साली त्यांनी 'टुडे' या सकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात किडनीरोपणाची शस्त्रक्रिया थेट दाखवली. ती पाहून सुमारे वीस हजार प्रेक्षकांनी किडनी देण्याची तयारी कळवली. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. लोक देत नाहीत असे आपण म्हणतो, आणि एका सकाळी चहा पिता पिता वीस हजार माणसे हात वर करतात. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात कुंट्झ यांना एक आजार जडला, त्याचे निदान कधीच झाले नाही. मेंदू गेला. १९८१ मध्ये ते वारले. सुमारे पाचशे किडन्या त्यांनी बसवल्या होत्या.

आता देणाऱ्यांच्या बाजूला येऊ. कृष्णवर्णीय लोक अवयवदान करत नाहीत, अशी तक्रार अमेरिकेत बरीच वर्षे ऐकू यायची. ती अर्धी खरी होती. पण का करत नाहीत, हे कुणी त्यांना जाऊन विचारले नव्हते. विचारले असते तर व्हर्जिनियातल्या रिचमंडची एक गोष्ट ऐकू आली असती. मे १९६८. ब्रूस टकर हा कृष्णवर्णीय कामगार पडला, डोक्याला मार लागला. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात त्याला नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे हृदय काढून एका गोऱ्या व्यावसायिकाला बसवण्यात आले. टकरच्या घरच्यांची परवानगी नव्हती. खिशात भावाच्या दुकानाचे कार्ड होते आणि दुकान इस्पितळापासून लांब नव्हते, तरी भाऊ सापडला नाही म्हणे. अंत्यसंस्कार करणाऱ्या माणसाकडून घरच्यांना खरे कळले. भावाने खटला भरला. त्याचे वकील होते डग्लस वाइल्डर, जे पुढे १९९० मध्ये त्याच व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले. १९७२ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. पुन्हा ते बहात्तर.

अशा गोष्टी ज्या वस्तीत आजीकडून नातवाकडे जातात, तिथे दात्याच्या कार्डावर सही कोण करणार? सही केली तर मला वाचवायचा प्रयत्नच करणार नाहीत, ही भीती अडाणीपणाची म्हणता येत नाही.

ही भीती नीट ऐकून घेतली ती डॉ. क्लाइव्ह कॅलेंडर यांनी. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मानाच्या विद्यापीठात, त्यांनी सत्तरच्या दशकात रोपणकेंद्र उभे केले. १९८२ मध्ये त्यांनी चाळीस कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना बसवून घेतले आणि मोकळेपणाने बोलते केले. त्यातून पाच कारणे निघाली. रोपण म्हणजे काय हेच माहीत नाही. धर्माला चालेल की नाही याची शंका. डॉक्टरांवर विश्वास नाही. सही केली तर लवकर मारतील ही धास्ती. आणि, आमची किडनी शेवटी गोऱ्यालाच जाणार, मग द्यायची कशाला, हा सवाल. कॅलेंडर यांनी त्यावर उपाय केला तो साधा. पत्रके वाटली नाहीत. त्याच वस्तीतली माणसे बोलायला पाठवली. ज्याला किडनी मिळाली तो, जो वाट पाहतो आहे तो, आणि जिने मेलेल्या मुलाचे अवयव दिले ती आई. चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, शाळेत. १९९१ पासून ही चळवळ देशभर पसरली, आणि पुढच्या काळात कृष्णवर्णीयांमधले अवयवदान कित्येक पटींनी वाढले. आता कोणी 'ते देत नाहीत' असे म्हणाले तर ते जुन्या माहितीवर बोलत आहेत असे समजावे.

धर्माची शंका हा मुद्दा मला जवळचा आहे. मुसलमान कवी म्हटल्यावर सभेनंतर कुणीतरी विचारतेच, तुमच्यात चालते का हो अवयवदान? कयामतच्या दिवशी शरीर पुरे असायला हवे, शरीर ही अल्लाहची अमानत, ती आपण कशी वाटणार, असे म्हणणारी माणसे आमच्यात आहेत, हे खरे. पण डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्माला येऊ, असे म्हणणारी माणसे नेत्रदानाच्या कार्यकर्त्यांना याच महाराष्ट्रात भेटली आहेत. भीती तीच, पोषाख निराळा. १९८८ मध्ये जिद्दा इथल्या इस्लामी फिकह अकादमीने काही अटींवर अवयवरोपणाला संमती दिली. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या मुस्लिम लॉ कौन्सिलनेही तसा फतवा दिला. ब्रिटनला त्याची गरज होती, कारण तिथे किडनीच्या प्रतीक्षायादीत भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून गेलेल्यांची संख्या मोठी आणि त्यांच्यातले दाते थोडे. फतव्याने सगळे लगेच राजी झाले असे नाही. आजही तिथल्या उलेमांमध्ये दोन्ही मते ऐकू येतात.

पण देणारे वाढले म्हणून मिळणारे वाढतात, असे नसते. मधे नियम असतात. १९८४ च्या कायद्याने अमेरिकेत मृत दात्यांच्या अवयवांचे राष्ट्रीय वाटप सुरू झाले. किडनी कुणाला द्यायची ते गुणांवर ठरे, आणि त्यात मोठा वाटा होता पेशींवरच्या खुणा जुळण्याचा. प्रत्येकाच्या पेशींवर काही प्रथिने असतात. दात्याची आणि रुग्णाची जितकी जुळतील तितके बरे. शास्त्र बरोबर होते. अडचण अशी की या खुणा पूर्वजांप्रमाणे बदलतात, आणि दाते बहुसंख्य गोरे. म्हणून गुण मिळायचे ते गोऱ्या रुग्णाला. कृष्णवर्णीय वाट बघत राहायचा, आणि नियमात त्याच्या रंगाचा उल्लेखही नसे. नवी औषधे आल्यावर या जुळणीचे महत्त्व बरेच कमी झाले, तेव्हा १९९५ मध्ये एका खुणेचे आणि २००३ मध्ये दुसरीचे गुण काढून टाकले. किडन्या टिकण्यात फार मोठी घट होणार नाही आणि गोरेतर रुग्णांना जास्त किडन्या मिळतील, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला होता.

रक्तगटाचेही तसेच. 'बी' गट गोऱ्या अमेरिकनांत दहात एकाच्या आसपास, कृष्णवर्णीयांत त्याच्या जवळपास दुप्पट आणि आपल्या भारतात तर तिघांत एकाच्या आसपास. म्हणजे न्यूजर्सीत स्थायिक झालेला आपला मराठी माणूसही या बाबतीत त्याच लांब रांगेत. डिसेंबर २०१४ मध्ये वाटपाचे नियम पुन्हा बदलले, तेव्हा 'ए' गटाच्या एका पोटगटातल्या किडन्या 'बी' गटाच्या रुग्णांना देण्याची सोय केली. शिवाय एक फार न्याय्य गोष्ट केली: प्रतीक्षेचा काळ यादीत नाव लागल्यापासून न मोजता डायलिसिस सुरू झाल्या दिवसापासून मोजायचा. जो पाच वर्षे यंत्रावर काढून उशिरा यादीत आला, त्याची पाच वर्षे धरली जाऊ लागली. यादीतल्या कृष्णवर्णीयांना किडन्या मिळण्याचे प्रमाण त्यानंतर गोऱ्यांच्या जवळ आले.

पण मुळात माणूस उशिरा का येतो? १९९९ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात याचे उत्तर छापून आले. संशोधकांनी रुग्णांनाच विचारले, तुम्हाला रोपण हवे आहे का? पुरुषांमध्ये सुमारे ८१ टक्के कृष्णवर्णीय हो म्हणाले आणि सुमारे ८६ टक्के गोरे. फरक आहे, पण थोडा. मग पाहिले की तपासणीसाठी रोपणकेंद्राकडे कितींना पाठवले गेले. कृष्णवर्णीय पुरुष सुमारे ५४ टक्के, गोरे सुमारे ७६ टक्के. बायकांमध्येही तसेच, ५० आणि ७०. त्यांनाच नको असते, या जुन्या बोलण्याची हवा या आकड्यांनी काढून घेतली. डॉक्टरने एक चिठ्ठी लिहायची असते. ती लिहिली जात नव्हती.

रोपण झालेल्यांचीही एक रांग होतीच. किडनी बसवल्यावर जन्मभर औषधे घ्यावी लागतात, नाहीतर शरीर ती नाकारते. पासष्टच्या आतल्या, अपंग नसलेल्या रुग्णांना मेडिकेअर ही औषधे फक्त तीन वर्षे देई. म्हणजे रोपणाचा मोठा खर्च सरकार करणार आणि मग औषधावाचून किडनी गेली की पुन्हा डायलिसिसचाही करणार! अशा हिशेबाला काय म्हणावे? २०२० च्या अखेरीस कायदा बदलला आणि जानेवारी २०२३ पासून, दुसरा विमा नसलेल्यांना औषधे पुढेही मिळू लागली.

आता त्या पत्रांकडे येतो. किडनी किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यावरून, वय आणि लिंग पाहून, एका सूत्राने किडनीच्या गाळण्याचा वेग काढायचा. हे सूत्र १९९९ मध्ये रूढ झाले तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट होती: माणूस कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या उत्तराला १.२१ ने गुणायचे. २००९ च्या सुधारित सूत्रात हा गुणक १.१६ च्या घरात आला. कारण? अभ्यासात सामील झालेल्या कृष्णवर्णीयांमध्ये सरासरीने क्रिएटिनिन जास्त दिसले होते, आणि त्यांचे स्नायू जास्त भरलेले असतात असे गृहीत धरले गेले. सरासरी खोटी नव्हती. पण ती चिकटवली गेली प्रत्येकाला, मग तो पैलवान असो की अंथरुणाला खिळलेला.

उदाहरण घेऊ. रोपणासाठी प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती गाळण्याचा वेग वीसवर किंवा त्याखाली आला म्हणजे. एका रुग्णाचे उत्तर अठरा आले. गोरा असेल तर आजपासून त्याचे दिवस मोजायला लागले. कृष्णवर्णीय असेल तर अठराला १.१६ ने गुणा, झाले जवळजवळ एकवीस. तुमची किडनी अजून बरी आहे, नंतर या. किडनी तेवढीच गेलेली. कागदावर मात्र बरी. आणि या हिशेबात खाने दोनच: ब्लॅक आणि बाकी सगळे. आमच्याकडचा उन्हात रापून काळा झालेला शेतकरी उद्या तिथे गेला असता तर 'बाकी सगळे' या खान्यात बसला असता. ज्याची आई गोरी आणि बाप कृष्णवर्णीय, त्याला कुठे बसवायचे, याचे उत्तर सूत्रात नव्हते. दवाखान्यातला जो माणूस फॉर्म भरेल त्याच्या नजरेवर ते अवलंबून.

यावर प्रश्न विचारण्यात वैद्यकीय विद्यार्थी पुढे होते. २०१७ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस इस्पितळाने हा गुणक वापरणे सोडले. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर देश ढवळून निघाला, तेव्हा विषयाला जोर आला. किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी एक समिती नेमली, सिंथिया डेल्गाडो आणि नील पोव यांच्या नेतृत्वाखाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने सांगितले की वंश वगळून तयार केलेले नवे सूत्र वापरा. विरोध झाला, आणि तो सगळा दुराग्रहाचा नव्हता. काही डॉक्टरांचे म्हणणे, गुणक काढला की काही कृष्णवर्णीयांची किडनी आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. त्यांना औषधांचे डोस कमी मिळतील, किडनी दान करू इच्छिणाऱ्यांना नकार मिळेल. म्हणून जिथे बारीक निर्णय घ्यायचा तिथे सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्ततपासणी करावी, असेही समितीने सुचवले.

मग कृष्णवर्णीयांमध्ये हा रोग जास्त असण्यात रक्ताचा काहीच भाग नाही का? आहे, थोडा. २०१० मध्ये एपीओएल-१ नावाच्या जनुकाचा किडनीच्या रोगाशी असलेला संबंध उघड झाला. आफ्रिकेत झोपेच्या रोगाचे जंतू मारण्यासाठी त्याची काही रूपे उपयोगी पडत, म्हणून ती टिकली. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही आली तर किडनीचा धोका वाढतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांत अशी माणसे आठात एक. उरलेल्या सातांना तो धोका नाही. जनुक तपासता येते. कातडी पाहून ते कळत नाही, आणि घरातले अठराविश्वे दारिद्र्य, न मोजलेला रक्तदाब, न परवडलेला डॉक्टर हेही कातडी पाहून कळत नाही.

जुलै २०२२ पासून रोपणाच्या यादीसाठी वंशाधारित सूत्राला बंदी झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्याहून अवघड काम हाती घेतले: झालेले नुकसान भरून देण्याचे. प्रत्येक रोपणकेंद्राने आपल्या यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रिपोर्ट काढायचे, गुणक नसता तर वीसचा आकडा कधी लागला असता ते शोधायचे आणि तेवढा काळ त्यांच्या खाती जमा करायचा. मुदत एक वर्षाची. मार्च २०२४ पर्यंत चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा काळ दुरुस्त झाला, सरासरीने दोन वर्षे. त्यातल्या अठ्ठावीसशेहून अधिकांना तोवर किडनी मिळालीही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट काढून टाकली: दात्याच्या किडनीची प्रत ठरवताना दाता कृष्णवर्णीय असला की गुण कमी होत, ते आता होत नाहीत.

जिवंत दात्यांची बाजू मात्र अजून लंगडी आहे. १९९५ मध्ये यादीत आल्यावर दोन वर्षांत जिवंत दात्याची किडनी मिळण्याचे प्रमाण गोऱ्यांत सात टक्के आणि कृष्णवर्णीयांत साडेतीनच्या आत होते. २०१४ मध्ये गोऱ्यांत ते अकराच्या वर गेले आणि कृष्णवर्णीयांत तीनच्याही खाली आले. ज्याच्या घरात तिघांना रक्तदाब आणि दोघांना मधुमेह, त्याला किडनी देणार कोण? आणि दिली तर महिनाभराची मजुरी बुडणार ती कुठून भरायची? शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डॉ. हुआन कार्लोस कायसेदो यांनी २००६ पासून स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी वेगळा विभाग चालवला. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक सगळे स्पॅनिशमध्ये बोलणार, आणि एकट्या रुग्णाशी न बोलता सगळ्या कुटुंबाला बसवून बोलणार. तिथे त्या समाजातल्या जिवंत दात्यांच्या किडन्या ठळकपणे वाढल्या. इंग्रजीतून समजावलेली शस्त्रक्रिया आणि आईच्या भाषेत समजावलेली शस्त्रक्रिया, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाषेवर पोट नसले तरी जीव असलेल्या मला पटायला वेळ लागला नाही.

आणि ती चिठ्ठी? जॉर्जिया राज्य रोपणाच्या प्रमाणात देशात अगदी तळाशी होते. तिथे २०१४ मध्ये रेचेल पॅट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ डायलिसिस केंद्रे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. एका भागातल्या केंद्रांत कर्मचाऱ्यांना शिकवले, रुग्णांना रोपण झालेल्या माणसांशी भेटवले, कोण कुठे अडले आहे यावर लक्ष ठेवले. वर्षभरात त्या केंद्रांतून रोपणासाठी पाठवल्या जाणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या भागापेक्षा चांगलेच वाढले, आणि कृष्णवर्णीयांमध्ये ते जास्त वाढले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते.

२०२३ ची ती पत्रे यादीत नाव असलेल्यांना गेली. अमेरिकेत पाच लाखांहून जास्त माणसे डायलिसिसवर आहेत, आणि किडनीच्या यादीत नावे आहेत ती सुमारे नव्वद हजार. बाकीच्यांत खूप जण वयाने वा दुसऱ्या आजाराने रोपणाला योग्य नसतील. पण ज्यांची कुणी चिठ्ठीच लिहिली नाही असे त्यांत किती, ते यादी पाहून मोजता येत नाही. त्यासाठी डायलिसिसच्या खुर्च्यांपाशी जाऊन एकेकाला विचारावे लागते.